चमच्याला काढलेलं टोक

सुशीलाबाईनं मला फसवलं. ती दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात अवजारांना धार लावायची, आणि तिनं मला धार लावायची उलटी विद्या शिकवली. जाणूनबुजून, समोर बसवून, स्वतःच्या कपातला अर्धा चहा पाजून. मी पुढे आयुष्यभर व्यापार केला, गोंदियाच्या बाजारात भल्याभल्यांशी घासाघीस केली, खोटा माल ओळखायला शिकले आणि तो देणाऱ्याच्या तोंडावर फेकायलाही शिकले. हा एक सौदा मात्र परत करता आला नाही, कारण त्याची भरपाई माझ्या मायनं तोंडातल्या रक्तानं केली. लोक म्हणतात, बेबीताई, साठी उलटली, आता सोडा. मी कशाला सोडू? ज्यानं सांगायला हवं त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही. डॉक्टरचा हिशेब वेगळा आहे, त्याच्याकडे मी येतेच.

आमचं घर मुर्रीत, अगदी शेवटच्या गल्लीत. तेव्हा मुर्री आणि गोंदियाच्या मध्ये धानाच्या बांध्या होत्या, आता दोन्ही एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की भुवयांमध्ये कोंडा अडकलेला असायचा आणि ते आधी अंगणात दोनतीनदा शिंकायचे, मग आत यायचे. त्या शिंका ऐकल्या की माय चुलीवर डाळ चढवायची. माय बिड्या वळायची. दारातल्या उजेडात पाय पसरून बसायची, मांडीवर सूप, शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेला तेंदूचा पाला, हातात कात्री आणि पत्र्याचा फर्मा. फर्मा पानावर ठेवायची आणि कच, कच, कच, पान चौकोनी होऊन सुपात पडायचं. माझ्या बालपणाला आवाज आहे तो हाच. त्या कात्रीला माय स्वतः धार लावायची, उंबऱ्याजवळच्या काळ्या दगडावर, आणि धार आली की नाही ते नखावर बघायची. जेवायला बहुतेक भात आणि लाखोळीची डाळ. पावसाळ्यात जंगलाकडच्या बाया बाजारात वास्ते आणायच्या, बांबूचे कोवळे कोंब. माय ते बारीक चिरून दोनदा उकळून पाणी फेकायची आणि मग लसूण-मिरचीवर परतायची. त्या दिवशी बाबा एक मूद जास्त खायचे आणि काही बोलायचे नाहीत. आमच्याकडे तारीफ अशीच असायची.

मायला एकच शौक होता, गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासायची आणि मग दारात बसून थुंकत राहायची. गल्लीतल्या सगळ्याच बाया घासायच्या. पुरुष सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचे, बाया गुडाखू लावायच्या, आणि दातांवर किटणाचे थर चढायचे, तलावाच्या पायरीवर शेवाळ चढतं तसे. मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. सगळ्यांचेच दात तसे, मग वाईट कुणाचे म्हणायचे?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा मामा केशोरीला राहायचा, धानाची शेती. कापणीच्या आधी तो सगळे इळे काढून मागच्या परसात एकटा बसायचा आणि धार लावायचा. त्या वेळी तिकडे कुणी जायचं नाही. मी एकदा लहानपणी गेले तर मामानं इळा पाठीमागे लपवला, जसं काही मी तो हिसकून घेणार होते. "पाहू नोको व पोरी," म्हणाला, "दुसऱ्यानं पायली का धार पडते." मामी माझं बखोट धरून घेऊन गेली आणि जाताजाता थुंकली, नजर उतरावी म्हणून. परक्या नजरेनं धार बोथट होते, हे माय पण मानायची. कात्रीला धार लावताना ती माझ्याकडे पाठ करायची. त्यामुळे धार लावणाऱ्याकडे टक लावून बघायचं नसतं, हे मला शाळेत पाढे शिकण्याआधीच शिकवलं गेलं होतं. सुशीलाबाईला याचा पत्ता लागला तो माझ्याच तोंडून. मीच मूर्खासारखी हौसेनं सांगितलं.

मॅट्रिक झाल्यावर मायनं वळलेल्या बिड्या मी सायकलवर कारखान्यात पोचवायला जायची. वाटेत बाजारात कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दातांचा दवाखाना होता. एक दिवस जिन्यापाशी पाटी दिसली, कामाला बाई पाहिजे. मी सायकल भिंतीला टेकवली आणि वर गेले. डॉक्टर तेव्हा तिशीतला, गोरा, पातळ मिशीचा. घरचा हिंदी बोलणारा होता, मराठी बोलताना अर्ध्यात हिंदीवर घसरायचा. त्यानं विचारलं, झाडू मारशील का, अवजारं उकळशील का, पेशंटचं रक्त-थुंकी धुशील का. मी सगळ्याला हो म्हटलं. पगार त्यानं सांगितला तो मी ऐकला आणि सोडून दिला. मग मी माझी अट घातली.

"झाडू मी मारीन, पाणी भरीन, काही पण करीन. पण इथलं एक काम मले शिकवा लागल."

डॉक्टर हसला. "क्या सिखायेंगे? ये कॉलेज है क्या?"

"थे," मी बोट दाखवलं. आतल्या पडद्यापाशी एक बाई बसली होती, हातात पांढरा दगड आणि बारीक अवजार. "धार लावाचं शिकवा. आमच्या घरी कात्री हाये, मले धारीचं समजते."

तो बाईकडे वळून म्हणाला, "सुशीला, इसको सिखा दे. बोलती बहुत है, पण हुशार दिसते." आणि मला म्हणाला, "चांगलं शिकशील तर नागपूरला पाठवीन, दात साफ करायच्या कोर्सला. एक मुलगी पाठवायची आहे मला."

मी तेव्हा सौदा पक्का केला असं समजले. कामाच्या बदल्यात विद्या, विद्येच्या बदल्यात नागपूर. आज मी दुकानात कुणाशी बोलते तेव्हा माल हातात आल्याशिवाय मान हलवत नाही. तेव्हा हलवली.

सुशीलाबाई चाळिशीची, रुंद कपाळाची, आवाज गोड. आमच्याच मुर्रीतली, पण रस्त्याच्या बाजूची, पक्क्या घराची. दवाखाना खरं तर तीच चालवायची. कुणाला आधी आत घ्यायचं, कुणाला उद्या यायला सांगायचं, सगळं तिच्या हातात. तिच्याबरोबर तिची भाची मंगला यायची, माझ्याच वयाची, शांत, नखं नेहमी स्वच्छ. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास भरलेला असायचा, अवजारं उकळायच्या डब्याचं झाकण दिवसभर खडखडायचं, आणि पडद्याआड खुर्चीत डॉक्टरचं खरवडणं, खर्र, खर्र, जसं कुणी कढईची करपलेली खरवड काढतंय. तेव्हा यंत्रं नव्हती, सगळं किटण हातानंच निघायचं. आमच्या भागातले खर्रा खाणारे दात म्हणजे दगडच. दोन पेशंट झाले की अवजाराची धार गेलीच.

अवजारं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक आकड्यासारखं, टोकाला अणकुचीदार. ते दातांवरचं, वरचं किटण काढायला. दुसऱ्याला आम्ही चमचा म्हणायचो. त्याची पाठ गोल आणि टोकही गोल, कारण तो हिरडीच्या आत सरकवून खालचं किटण ओढून काढायचं असतं. गोल नसेल तर तो मांस फाडतो. हे मी आज एका वाक्यात लिहिते. ते वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. जिचं सांगायचं काम होतं तिनं मला उलटं सांगितलं.

"चमच्याले टोक काढाचं," सुशीलाबाई म्हणाली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला जुने, टाकाऊ चमचे दिले. "समोरून घासाचं, असं. टोक आलं का धार आली. तुह्या मायची कात्री कशी, टोकानंच पान धरते ना? तसंच."

"पर बाई, तुमी लावता तवा मी पाहू का?"

"कायले? तूच तं सांगितलं ना, पायलं का धार पडते." ती हसली. "माही धार पाडाची हाये का तुले?"

मी लाजले. जीभ चावली. आणि ती धार लावायला बसली की पडदा ओढून घ्यायची. मी बाहेर झाडू मारायची, मंगला मात्र आत बसलेली असायची. मला वाटायचं, भाची आहे, घरची आहे, तिची नजर कशी लागेल?

पावसाळाभर मी त्या टाकाऊ चमच्यांवर घासत होते. दगडावर तेलाचा थेंब टाकायचा, चमचा डाव्या हातात घट्ट धरायचा, दगड हलवायचा, अवजार नाही, एवढं मात्र तिनं खरं शिकवलं होतं. थोडं खरं घातल्याशिवाय खोटं विकलं जात नाही. दिव्याखाली धरलं की बोथट धारेवर उजेडाची पांढरी रेघ दिसते आणि धार आली की रेघ नाहीशी होते, हेही तिनंच सांगितलं. मी रेघ घालवायची आणि पुढे त्याचं टोक काढायची. बारीक, सुंदर, मायच्या कात्रीसारखं. सुशीलाबाई ते चमचे हातात घेऊन वाहवा करायची, "बापा रे, पोरीचा हात तं पाहा," आणि एका डब्यात टाकून द्यायची. "अजून पेशंटले नाई लावत. आणखी हात बसू दे." मंगला एकदा त्या डब्याकडे बघून काहीतरी बोलायला गेली होती. सुशीलाबाईनं तिला चहा आणायला खाली पाठवलं. मला आठवतं, मंगला जिना उतरताना माझ्याकडे वळून बघत होती. तिचं तोंड कुणी शिवलं होतं का?

पोळा जवळ आला तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता ठरवतो, नागपूरला कोण जाणार. दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईनं मला बाजूला घेतलं. "तुह्या मायले आन. तिचे दात साफ करून देऊ, डॉक्टरले मी सांगतो, फुकट. आन तिले तुह्याच हातच्या अवजारानं करू. डॉक्टर पायल ना तुही धार." मी तिच्या पाया पडले.

मायला तयार करणं सोपं नव्हतं. "मले काय झालं?" ती म्हणाली. "खाते, पिते, गुडाखू घासते."

"थेच तं काढाचं हाये, माय. गुडाखूचं किटण."

"मंग काढून काय करू? लगन लावाचं हाये का माहं दुसरं?" बाबा अंगणात शिंकता शिंकता हसले. मायनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि त्यामुळेच असेल, तयार झाली. त्या दिवशी तिनं बिड्यांचं सूप उचलून ठेवलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि माझ्या सायकलच्या मागे बसून निघाली. रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती, "पोरीच्या दवाखान्यात चाललो." पोरीच्या. जसा काही दवाखाना मीच बांधला होता.

माय खुर्चीत बसली तेव्हा तिच्या टाचा वर उचललेल्या होत्या. मी तबक घेऊन डॉक्टरच्या उजव्या बाजूला उभी होते, तबकात माझेच चमचे, डब्यातून काढून सकाळी मीच उकळलेले. बाहेर बाकावर एका मिलचे शेठ बसले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. डॉक्टरनं आधी आकड्यानं वरचं किटण काढलं. मायच्या तोंडातून काळे तुकडे निघाले, तिनं थुंकले आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, बघ, किती निघालं. मग डॉक्टरनं चमचा उचलला. दिव्याखाली धरला, एकदा उजेडात वळवला. माझी छाती फुगली. मला वाटलं, माझी धार बघतोय. आणि त्यानं तो मायच्या खालच्या दातांमागे, हिरडीच्या आत घातला आणि ओढला.

माय ओरडली नाही. तिनं फक्त खुर्चीचे हात धरले आणि तिचे दोन्ही पाय सरळ ताठ झाले. रक्त हनुवटीवरून हिरव्या लुगड्यावर आलं. हिरडी दातापासून उभी फाटली होती. डॉक्टरनं चमचा बाहेर काढला, कापूस दाबला आणि म्हणाला, "किसने धार लगाई इसको?" सुशीलाबाई पडद्यापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, दया आल्यासारखं. त्या दवाखान्यात सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं, बाकावरच्या शेठनंसुद्धा. माय कापूस दाबून धरलेल्या तोंडानं म्हणत होती, "काई नाई झालं, काई नाई झालं." माझ्या बाजूनं बोलणारी ती एकटीच, आणि तिला बोलताच येत नव्हतं.

आज इथे थांबून सांगते. मी आता दातांच्या अवजारांचा व्यापार करते. देवरीपासून बालाघाटपर्यंतचे डॉक्टर माझ्या दुकानात येतात. यंत्रं आली, पण हाताची अवजारं सुटली नाहीत. कुठलाही डॉक्टर चमचा हातात घेतला की आधी दिव्याखाली वळवतो, आणि टोकात जरा फरक असेल तर तोंडातून शब्द न काढता बाजूला ठेवतो. नवशिकी पोरंसुद्धा. डोळ्याला ते तसंच दिसतं, डाळीत खडा दिसतो तसं. म्हणजे त्या डॉक्टरनं त्या दिवशी माझी धार बघितली नव्हती. त्यानं टोक बघितलं होतं. बघितलं आणि तरी घातलं.

घरी मायचं तोंड सुजलं. ती पेज पीत होती, चमच्यानं, घरातल्या, जेवणाच्या. बाबांनी हळद गरम करून दिली. वास्त्याची भाजी तेवढ्यात कुणीतरी आणून दिली होती ती तशीच पडून राहिली आणि आंबली. गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? बेबीनं आपल्याच मायचं तोंड फाडलं. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कळायला हवं होतं की माझा हात कुठं चुकला. सुशीलाबाई पडद्याआड धार लावत होती. दगडाचा आवाज येत होता, बारीक, स्स, स्स. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मामाचं म्हणणं मोडलं. पडदा बाजूला सारला आणि बघत राहिले.

तिचा दगड चमच्याच्या कडेनं येत होता आणि टोकाशी पोचला की वळत होता. गोल, हलका, जसा हात बाळाच्या डोक्यावरून फिरावा. टोक गोलच राहत होतं. शेजारी मंगला, तिच्याही हातात चमचा, तिचाही गोल.

"बाई," मी म्हटलं, "तुमी मले टोक काढाले काऊन शिकवलं?"

तिनं दगड खाली ठेवला. गोड आवाज एका क्षणात गेला. "काऊन म्हंजे? नागपूरले एकच जाते. माही भाची काय शेण थापल?"

"पर माह्या मायचं तोंड—"

"मायले आनाले मी जबरदस्ती केली का? तूच पाया पडली माह्या."

मी तिच्या पुढ्यातला तो पांढरा दगड उचलला आणि खिडकीतून खाली भिरकावला. तो कापडाच्या दुकानाच्या पुढच्या पत्र्यावर आपटला आणि फुटला. खालचा कापडवाला ओरडला, सुशीलाबाई ओरडली, मंगला रडायला लागली, आणि डॉक्टर आतून आला. मी दोन्ही चमचे त्याच्यासमोर धरले, तिचा गोल आणि माझा टोकाचा, आणि सगळं सांगितलं. तो ऐकत होता. दोन्ही चमचे त्यानं घेतले, बघितले, आणि एकाच तबकात टाकले. मग म्हणाला, "देख बेबी, दोघींचं भांडण माझ्या दवाखान्यात नको. तू कल से मत आ." आणि मंगला नागपूरला गेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. रोगराई, ढेकूण, मच्छर, सगळी पीडा गावाबाहेर हाकलायची, पळसाच्या फांद्या घेऊन ओरडत जायचं. मी सगळ्यांच्या पुढे होते. पोरं ओरडत होती, "खासी, खोकला घेऊन जाय गे मारबत!" आणि आम्ही रस्त्याच्या बाजूला पोचलो, सुशीलाबाईच्या पक्क्या घरासमोर. मी थांबले, फांदी वर केली आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "धारवाल्या सुशीलाले घेऊन जाय गे मारबत!" पोरांना काय, त्यांनी लगेच उचललं. सगळी मिरवणूक तेच ओरडायला लागली. सुशीलाबाई दारात आली आणि तिचा रुंद कपाळाचा चेहरा पांढरा पडला. मागून मायनं येऊन माझा दंड धरला. तोंड अजून नीट उघडत नव्हतं. "मारबतीत मानसाचं नाव घेत नाईत, पोरी. नाव घेतलं का थे आपल्यावरच येते," असं काहीतरी पुटपुटली. मी दंड सोडवून घेतला आणि गावाच्या सीमेपर्यंत ओरडत गेले. आजही मारबतीला मी मनात ते नाव घेते. आता सुशीलाबाई मेली. गेली तेव्हा मी रस्त्याच्या बाजूनं जाणं टाळलं नाही, पण थांबलेही नाही.

पुढचं लोकांना माहीत आहे. मी दवाखान्यात परत गेले नाही. आधी नागपूरहून एका पिशवीत अवजारं आणून दवाखान्या-दवाखान्यांत विकली, मग दुकान टाकलं. मंगला शिकून आली, आयुष्यभर लोकांचे दात साफ करून आता निवृत्त झाली. तिचे दगड आणि चमचे माझ्याच दुकानातून जायचे, तिला दुसरं दुकान जवळ नव्हतं. तिला मी कधी एका पैशाची सूट दिली नाही. एकदा ती म्हणाली, "बेबी, तेव्हा मी लहान होते." मी म्हटलं, "मी पण होते. पिशवी देऊ का कागदात गुंडाळू?" आणि मायचं सांगायचं तर ती त्यानंतर कधी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसली नाही. माझ्या दुकानात कपाटं भरून दातांची अवजारं, आणि माझी माय एकेक दात हलून गमावत गेली. शेवटी शेवटी भात कुस्करून खायची. मी म्हणायची, "माय, आता मी स्वतः बघेन डॉक्टरची अवजारं, चल." ती म्हणायची, "नोको बापा." एवढंच. दोष कधीच दिला नाही. तिनं दिला असता तर माझं ओझं हलकं झालं असतं, दिला नाही, म्हणून मी त्याचा जाब दुसऱ्यांकडे मागते.

मागच्या वर्षी डॉक्टरच्या मुलानं नवा दवाखाना टाकला. सामान माझ्याकडूनच घेतलं, उद्घाटनाला मला बोलावलं. म्हातारा डॉक्टर सोफ्यावर बसला होता, गळ्यात हार, मिशी पांढरी, डोळे अजून चांगले. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि पर्समधून एक चमचा काढून त्याच्या हातात दिला. आदल्या दिवशी मी स्वतः त्याला टोक काढलं होतं. इतक्या वर्षांनी काढलं, पण हात विसरला नव्हता.

"डॉक्टरसाहेब, हा पेशंटच्या तोंडात घालाल का?"

त्यानं तो उजेडात वळवला. एकदाच. आणि टेबलावर ठेवला. "फेक दो इसको. मसूडा फाड देगा."

"मग माझ्या मायच्या तोंडात काऊन घातलात?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. ओळख पटली की नाही, मला कळलं नाही. मग म्हणाला, "कौन माय?" तेवढ्यात मुलगा फोटोसाठी हाक मारत आला आणि तो उठून गेला. उठताना टेबलावरचा चमचा त्यानं बोटानं जरा लांब सरकवला, कुणाला लागू नये म्हणून. म्हणजे इतक्या वर्षांनीही त्याला कळत होतं.

तर डॉक्टरसाहेब, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. सुशीलाबाईला मी विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं होतं, नीच असेल पण उत्तर होतं. तुम्ही अजून दिलेलं नाही. तुम्ही टोक बघितलं होतं. बाहेर मिलचा शेठ खोळंबला होता आणि दुसरा चमचा उकळून घ्यायला वेळ लागला असता, म्हणून? बिड्या वळणारी फुकटची बाई होती, म्हणून? की सुशीलाबाईला दुखवायचं नव्हतं आणि कुणीतरी दोषी सापडणं तुम्हालाही सोयीचं होतं? यांतलं कुठलं, ते मला ठाऊक नाही, आणि तुमच्या वतीनं मी निवडणार नाही. तुमचे डोळे चांगले आहेत, हे मी उद्घाटनाच्या दिवशी स्वतः बघितलं आहे. दुकान सकाळी उघडतं, मी गल्ल्यावरच असते. येऊन सांगा, उभ्या बाजारात, मोठ्यानं: माझ्या मायच्या तोंडात ते तुम्ही काऊन घातलं?